आवाज बंद करून बघ

१२ जानेवारी

दादा,

मेसेज केला की तू अंगठा पाठवतोस. पूर्वी अंगठा दाखवणं म्हणजे नकार असायचा, आता तो होकार झालाय म्हणे. तुझ्या अंगठ्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, म्हणून हे पत्र. पत्राला अंगठा द्यायचा तर तो शाईत बुडवावा लागेल, तेवढे कष्ट तू घेणार नाहीस.

बाबा बरे आहेत. उजवा हात उठत नाही आणि आता उठणार नाही असं डॉक्टरांचं म्हणणं आहे, पण डावा हात, मान, चेहरा सगळं शाबूत आहे. जेवतात नीट. मी रोज संध्याकाळी काचांच्या कारखान्यातून थेट तिकडे जाते. दिवसभर चष्म्याच्या काचा घासून बोटं सुन्न झालेली असतात, पण भेटीचा तास चुकवत नाही. आमच्या गप्पा होतात.

इस्पितळात एक नवी सोय झाली आहे. नोंदणीच्या खिडकीशी, औषधांच्या खिडकीशी, एक्स-रेच्या दाराशी माणसाच्या उंचीचे पडदे लावलेत. बाबांच्या पलंगाच्या पायथ्याशीही चाकांच्या स्टँडवर एक आणून ठेवलाय. माझ्या-बाबांसारख्या बहिऱ्याने त्याच्यासमोर खुणांनी काही सांगितलं की पडदा ते तोंडाने बोलून दाखवतो, आणि डॉक्टर बोलले की पडद्यातली बाई खुणा करते. दुभाष्याची गरज नाही. ती पडद्यातली बाई म्हणजे मी. हसू नकोस. दोन वर्षांमागे एका कंपनीने माझ्या खुणा चित्रित केल्या होत्या, त्यांतून त्यांनी ही बनवली. माझा चेहरा, माझे हात, माझा भुवईवरचा व्रणसुद्धा.

आता कामाचं. ताकाला जाऊन भांडं लपवणं मला जमत नाही. बाबांना घरी आणायचं आहे. मागची खोली मी रिकामी केली, पलंगाला कठडा बसवून घेतला. पण इस्पितळाच्या कागदावर जबाबदार नातेवाईक म्हणून तुझं नाव आहे, कारण त्यांना फोन उचलू शकणारं माणूस हवं होतं. तू फोनवर हो म्हटलंस की झालं. एवढं कर.

तुझी बहीण

२ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर वाचलं. ‘बाबा दर रविवारी व्हिडिओवर स्वतः सांगतात की मी इथे बरा आहे, सगळे माझी काळजी घेतात. मग त्यांना का हलवायचं? तू एकटी, कारखान्यात जाणार की त्यांना बघणार?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. मालक मला काचा घरी आणू देतो, फक्त घासायचं यंत्र दारातून आत यायला हवं. पहिल्या प्रश्नावर मात्र मला तुझ्या पाठीत धपाटा घालावासा वाटतोय.

तू रविवारी सकाळी बाबांशी बोलतोस तेव्हा गाडी चालवत असतोस. मला कुणी सांगितलं? वॉर्डातल्या मावशींनी. त्या ऐकणाऱ्या आहेत, पण बाबांकडून चार खुणा शिकल्यात, आणि स्टिअरिंगची खूण कुणालाही येते. म्हणजे तुझे डोळे रस्त्यावर आणि कान पडद्यावर. ज्या माणसाला आवाजच नाही त्याला तू ऐकतोस.

ऐक तर मग. बाबा एका हाताने बोलतात. त्या यंत्राला एका हाताचं बोलणं कळत नाही. ते माझ्या दोन हातांवर शिकलंय, मी तिथे होते म्हणून मला ठाऊक आहे. स्टुडिओत जमिनीवर पट्ट्या चिकटवलेल्या असायच्या, त्यांच्या आत उभं राहायचं. साधा गडद शर्ट, केस मागे बांधलेले, कोपर चौकटीबाहेर गेलं की पुन्हा पहिल्यापासून. आणि एक वाक्य त्यांनी माझ्याकडून सगळ्यात जास्त वेळा करून घेतलं. ‘मी बरी आहे, धन्यवाद.’ हसून, दमून, घाईत, म्हाताऱ्यासारखं, तापातल्यासारखं. मी त्या कंपनीच्या चष्मेवाल्या साहेबाला विचारलं, एवढं कशाला? तो कौतुकाने म्हणाला, इस्पितळात लोक हेच जास्त बोलतात, आणि यंत्राला कळलं नाही तर गप्प बसण्यापेक्षा ते जे जास्त बोललं जातं ते बोलतं.

तेव्हा मला ते हुशारीचं वाटलं होतं. आता बाबा डाव्या हाताने काहीही म्हणोत, बाहेर तेच पडतं.

मी गप्प बसले नाही. मेट्रनबाईंकडे गेले. त्यांना खुणा येत नाहीत, म्हणून त्यांनी मला टेबलाजवळच्या पडद्यासमोर उभं केलं. समोर मीच. मी माझ्याकडे बघून म्हटलं, ‘ही खोटं सांगते आहे, हिचं ऐकू नका.’ आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात ते हेच असावं. तोंडाने काय बाहेर पडलं ते मला कळायला मार्ग नाही, पण मेट्रनबाई प्रेमाने हसल्या आणि त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. म्हणजे तुला अंदाज येईल.

मग कागदावर लिहून दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, खाली लिहिलं, ‘तुमची तळमळ कळते. पण नातेवाइकांनी लावलेला अर्थ आम्हाला धरता येत नाही. एका मुलाने बापाच्या नावाने भलतंच सांगून घर लिहून घेतलं, तेव्हापासून हा नियम आहे. पेशंटने स्वतः घरी जायचं म्हटलं, किंवा तुमच्या भावाने संमती दिली, तर मी आज सोडते.’ बाई वाईट नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच लिहिलं असतं.

तेव्हा आता सगळं तुझ्या एका शब्दावर आहे. कानाडोळा करू नकोस. कान आमच्याकडे नाहीतच, डोळा तरी इकडे कर.

तुझी बहीण

२० फेब्रुवारी

दादा,

तुझा अंगठाही आला नाही. ठीक आहे.

आमच्या गप्पा होतात असं मी लिहिलं होतं. होत नाहीत. मी पलंगाशी जाते, बाबा माझ्याकडे एकदा नीट बघतात, पायांपासून डोक्यापर्यंत, आणि डोळे मिटतात. तास संपेपर्यंत मिटलेले. झोपलेले नसतात, पापण्या हलतात. ऐकणाऱ्या माणसाने पाठ फिरवली तरी मागून बोलता येतं, ओरडता येतं. आपल्या घरात डोळे मिटले की संपलं. लहानपणी भांडण झालं की मी डोळे घट्ट मिटायचे आणि तू बोटांनी माझ्या पापण्या उघडून शिव्या द्यायचास. बाबांच्या पापण्यांना मी कसा हात लावू?

ते माझ्यावर रागावलेत असं मला वाटतं. रागावणारच. दिवसभर मीच पायथ्याशी उभी राहून त्यांना सांगते, उठायचं नाही. कडू लागलं तरी गिळा. घरी जाता येणार नाही. आज नाही. उद्या बघू. त्यांचं डोकं आता मधेच विसरतं, मधेच भरकटतं. कुठली मी आणि कुठली ती, हा हिशेब त्यांनी का ठेवावा? शहाण्यासुरत्या माणसांनाही ठेवता येत नाही.

बहिऱ्यांच्या मंडळाच्या हॉलवर आपल्या लोकांनी माझं खुणेतलं नाव बदललंय. पूर्वी भुवईवर बोट फिरवलं की मी. आता चेहऱ्यासमोर चौकट काढतात, कारण ते पडदे बँकेत, सरकारी कचेऱ्यांतही लागलेत. सुरुवातीला थट्टा होती. ‘काल तू मला लायसन्स नाकारलंस, आज माझ्या पैशाने चहा पितेस?’ मीही हसायचे. मग आपला सुतार. त्याची बायको ऑपरेशनच्या टेबलावरच वारली, ते त्याला पडद्याने सांगितलं. म्हणजे मी सांगितलं. माझ्याच भुवया खाली आल्या, माझेच हात छातीशी गेले, ‘आम्हाला वाईट वाटतं.’ ती खूण मी स्टुडिओत जेवणाच्या सुट्टीनंतर केली होती, भरल्या पोटाने. सुताराला सगळं ठाऊक आहे, तो काही भोळा नाही. तरी मी हॉलमध्ये शिरले की तो खुर्ची भिंतीकडे फिरवतो. मागच्या वेळी त्याने फिरवली आणि मी दारातूनच परतले.

कंपनीला लिहिलं, मला त्यातून काढा. चष्मेवाल्या साहेबाचं सभ्य उत्तर आलं. नवा चेहरा यायला अजून अवकाश आहे, आणि आला तरी खालचे हात माझेच राहतील, कारण दुधात पडलेली साखर परत काढता येत नाही. उपमा त्याचीच. वर लिहिलंय, तुमचे हात फार बोलके आहेत, अभिमान बाळगा.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. कुठेही जा, खिडकीशी मीच उभी. बँकेत मी मलाच विचारते आणि मीच मला नाही म्हणते.

एक गोष्ट मात्र मला यातून कळली, ती तुझ्याबद्दलची. आईच्या वेळी तू केवढा होतास? मिसरूड फुटत होतं. डॉक्टर तुझ्याकडे बघून बोलले आणि तू आईकडे बघून ते हातांनी सांगितलंस, की आता उपाय नाही. आई तुझ्या हातांकडे बघत राहिली. त्या दिवशी तू हात खिशात घातलेस ते पुन्हा काढलेच नाहीस. त्याआधी बँक, भाडं, शाळा, दवाखाना, आमच्या सगळ्यांचं तोंड तूच होतास, आणि तू निघून गेलास तेव्हा मला राग आला होता. आता नाही. तू ते एकदा केलंस. मी ते रोज करते, आणि ज्यांच्याशी करते त्यांना मी पाहिलेलंही नसतं.

म्हणून तुला मोठं काही मागत नाही. येत्या रविवारी गाडी बाजूला लाव. आवाज बंद कर. आणि बाबांचा डावा हात बघ. विसरलो म्हणू नकोस, पोहणं कुणी विसरत नाही. मी तिथे नसेन, सकाळी आम्हाला आत सोडत नाहीत, तेव्हा मी काही पढवलं असाही संशय नको. फक्त बघ. त्यांना खरंच तिथेच राहायचं असेल तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही.

तुझी

६ मार्च

दादा,

पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, ओळी डोंगर चढतात.

कारखान्यात जेवायच्या सुट्टीत उघडलं. डबा तसाच राहिला. शेजारच्या यंत्रावरची पोरगी पाणी घेऊन आली, तिला वाटलं कुणी गेलं. मी खूप रडले, दादा. मग एकदा हसूही आलं, आणि ती पोरगी घाबरून मुकादमाला बोलवायला गेली.

तू लिहिलंस ते मी इतक्यांदा वाचलंय की आता पाठ आहे. बाबांनी आधी तुझ्याकडे बघितलंच नाही. ते पडद्याच्या कोपऱ्यात बघत होते, जिथे तुझ्या बोलण्याच्या खुणा करायला मी बारीकशी उभी असते. तिला म्हणत होते, ‘बस. पाय दुखतील. बस ना जरा.’ मग तुला म्हणाले, ‘हिला खुर्ची देत नाहीत. दिवसभर उभी असते, रात्रीही. मी जागा झालो की उभीच. संध्याकाळी तासभर सोडतात, तर तो तासही माझ्यापाशी येऊन उभी राहते आणि बोलते. मी डोळे मिटून घेतो. मी बघितलंच नाही तर तिला बोलावं लागणार नाही. हात दुखत असतील तिचे.’ आणि मग, ‘तू मोठा आहेस. तिला बाहेर काढ.’

तू लिहितोस की शेवटी न राहवून तू आवाज सुरू केलास, आणि गोड गळ्याची कुणी बाई म्हणत होती, मी इथे बरा आहे, सगळे माझी काळजी घेतात.

मी मूर्ख. त्यांना राग आला असेल, माझा कंटाळा आला असेल, विसरले असतील, सगळं मनात येऊन गेलं. हे एवढं मनात आलं नाही. रोज मला पायांपासून डोक्यापर्यंत बघायचे ते माझे पाय सुजलेत का ते बघायचे.

काल संध्याकाळी त्यांचे डोळे मिटायच्या आत मी हात पुढे केले आणि म्हटलं, ‘मी त्यात नाही. ते चित्र आहे. मी घरी राहते, कारखान्यात काम करते.’ बाबांनी सगळं बघून घेतलं. मग डावा हात माझ्या गालावर ठेवला, शाळेत पडून आलेल्या पोरीच्या गालावर ठेवतात तसा, आणि डोळे मिटले. त्यांच्या लेखी आम्ही दोघी नाहीच. मी एकच आहे आणि मला कोंडलंय. आणि खरं सांगू? त्यांना चूक म्हणायला माझी जीभ, म्हणजे माझे हात, रेटत नाहीत.

मेट्रनबाईंचा निरोप आहे, तुझी संमती पोचली. सोमवारी सोडतील.

तू बाबांना काय उत्तर दिलंस ते मात्र लिहिलं नाहीस. हात खिशातून काढलेस की नाही?

तुझी

१७ मार्च

दादा,

बाबा घरी आले. मागच्या खोलीत आहेत, खिडकीतून समोरच्या गच्चीवरची कबुतरं बघताहेत. कसे आले ते सांगते.

सोमवारी मी रजा घेतली. चाकांची खुर्ची आली, कागद झाले, आणि बाबांनी डाव्या हाताने पलंगाचा कठडा पकडला. सोडेनात. मावशींनी समजावलं, मी समजावलं. त्यांना काही सांगायचं तर कठडा सोडावा लागत होता, म्हणून ते पटकन एक शब्द बोलायचे आणि परत पकडायचे. ‘ती.’ पकड. ‘आधी ती.’ पकड.

मेट्रनबाई दाराशी आल्या. जाण्याआधी पेशंटला विचारायचा नियम आहे, तेव्हा पडद्यातल्या मी त्यांना विचारलं, ‘तुम्हाला घरी जायचं आहे का?’ बाबा तिच्याकडे बघून म्हणाले, ‘तुला सोडल्याशिवाय नाही.’ मेट्रनबाईंनी पडद्याचा आवाज ऐकला आणि माझ्याकडे बघितलं. काय ऐकलं असेल ते तुला मी सांगायला नको. पण या वेळी त्या हसल्या नाहीत. म्हाताऱ्याची कठड्यावरची बोटं पांढरी पडली होती आणि गालांवरून पाणी चाललं होतं, ते त्यांना दिसत होतं. त्यांनी कागदावर सही केली आणि मावशींना मानेने खुणावलं.

पुढचं मला आधी सुचलं नव्हतं. मी स्टँडच्या मागे गेले. पडदा चांगला उंच आहे, मागे उभी राहिले तर मी पुरी झाकली जाते. मावशींनी भिंतीतली पिन उपटली. काच काळी झाली. मी जरा थांबले, आणि मग बाजूने बाहेर आले.

बाबांशी मी कधी खोटं बोलले नव्हते. तोंडाने बोलणाऱ्यांना सोपं असतं, हातांना खोटं जड जातं. पण त्यांनी विचारलं, ‘संपली ड्यूटी?’ आणि मी म्हटलं, ‘संपली.’ त्यांनी काळ्या काचेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ‘बसायचं आहे तुला?’ मी म्हटलं, ‘घरी गेल्यावर बसते.’ मग त्यांनी कठडा सोडला.

पण वॉर्डाबाहेर लांबच लांब पॅसेज आहे, आणि त्यात एक्स-रेपाशी मी, औषधांपाशी मी, नोंदणीपाशी मी. त्यांना बंद करता येत नाही, तिथे रांगा असतात. मावशी खुर्ची ढकलायला लागल्या आणि मी बाबांच्या समोर येऊन उलटी चालायला लागले. त्यांच्या डोळ्यांवरून माझे डोळे न काढता. बोलत. जे सुचेल ते. मुकादमाच्या लग्नाचं, वरच्या मजल्यावरच्या बाईने झाडाला पाणी घालता घालता आमच्या वाळत घातलेल्या चादरी कशा भिजवल्या त्याचं, तू लहानपणी साबण खाल्ला होतास त्याचं. एकदा भिंतीला कोपर आपटलं, एकदा कुणाच्या तरी पायावर पाय दिला. मावशी नजरेनेच डावीकडे, उजवीकडे सांगत होत्या. एका पडद्यासमोर एक म्हातारी उभी होती आणि माझ्या डोळ्यांच्या कडेला दिसत होतं की मी तिला काहीतरी समजावते आहे. मी मान वळवली नाही. बाबा साबणाच्या गोष्टीला हसत होते. किती दिवसांनी हसले.

आता एक अडचण, आणि ती मी तुझ्यापासून लपवत नाही. पुढच्या महिन्यात फेरतपासणी आहे. तिथे डॉक्टरांशी बोलायचं तर पडदा लागणार, आणि पडद्यात मी असणार. बाबांनी मला पुन्हा तिथे उभी बघितलं तर ते कठडा सोडून घरी येणार नाहीत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. जबाबदार नातेवाईक समोर हजर असेल तर त्याने केलेलं भाषांतर चालेल, असं मेट्रनबाईंनी लिहून दिलंय. तो नातेवाईक तू. मी तुला ज्या जागी परत बोलावते आहे ती कसली आहे हे मला पुरतं ठाऊक आहे. म्हणून येच म्हणत नाही. विचारते.

खरं तर मीही नाही विचारत, बाबा विचारताहेत. काल जेवण झाल्यावर मी मुद्दाम त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले, त्यांना बरं वाटावं म्हणून. त्यांचं डोकं काल स्वच्छ होतं. मी म्हटलं, ‘दादाने त्या रविवारी तुम्हाला काय उत्तर दिलं?’

‘हात वर केले त्याने,’ बाबा म्हणाले. ‘जड झालेत त्याचे हात. पण केले.’

मग बराच वेळ त्यांनी माझ्या खुर्चीकडे, माझ्या पायांकडे बघितलं. आणि म्हणाले, ‘तू सुटलीस. पण तोही त्यातच होता. मी पाहिलं ना त्याला, काचेत. त्याला किती वर्षं झाली आत. त्याला कधी सोडणार?’

मी म्हटलं, विचारून सांगते.

तुझी बहीण